विश्लेषण : इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी मिळाल्या, पण त्यांची राखण कोण करणार?

टाइप-१ मधुमेह असलेल्या १२ जणांना प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी एकदाच टोचण्यात आल्या. वर्षभरानंतर त्यांच्यापैकी १० जणांना इन्सुलिनच्या इंजेक्शनची गरज उरली नव्हती. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये जून २०२५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अशी बातमी आली की 'मधुमेह कायमचा बरा' हे शब्द मथळ्यात येतात आणि पुढच्या तासाभरात फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड होतात.

निष्कर्ष खरे आहेत, पण ते अर्धेच सांगितले जातात. ज्या घरात लहान मुलाला दिवसातून चार वेळा सुई टोचावी लागते, त्या घराला उरलेला अर्धा भाग कळणे जास्त गरजेचे आहे. कारण अर्ध्या बातमीच्या भरवशावर कुणी इन्सुलिन थांबवले, तर गाठ थेट जिवाशी असते.

टाइप-१ मधुमेह वेगळा कसा?

आपल्याकडे 'शुगर' म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो टाइप-२ मधुमेह. वय, वजन, बैठे काम, आनुवंशिकता यांच्याशी त्याचा संबंध असतो. त्यात शरीर इन्सुलिन बनवत असते, पण ते पुरत नाही किंवा नीट वापरले जात नाही.

टाइप-१ची गोष्टच निराळी. स्वादुपिंडात पेशींची लहान लहान बेटे असतात. जर्मन संशोधक पॉल लँगरहान्स यांनी १८६९ मध्ये त्यांचे पहिले वर्णन केले, म्हणून त्यांना 'लँगरहान्सची बेटे' म्हणतात. या बेटांमधल्या बीटा पेशी इन्सुलिन बनवतात. टाइप-१मध्ये शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा या पेशींनाच शत्रू समजते आणि त्यांचा नाश करते. बहुतेकदा हे बालपणी किंवा तरुणपणी घडते. मुलाने चॉकलेटे जास्त खाल्ली म्हणून हा आजार होत नाही आणि आईने गरोदरपणी काही चुकीचे केले म्हणूनही होत नाही. शेजारीपाजारी काहीही म्हणोत, यात कुणाचा दोष नाही.

१९२१ मध्ये टोरंटोत फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे केले. त्याआधी हे निदान म्हणजे मृत्यूचा निरोप होता. जानेवारी १९२२ मध्ये १४ वर्षांच्या एका मुलाला पहिले इंजेक्शन मिळाले आणि टाइप-१ असूनही जगता येते हे सिद्ध झाले. मात्र आजार बरा झाला नाही. तो रोज सांभाळण्याजोगा झाला, इतकेच.

इन्सुलिन मिळते, मग पेशी कशाला?

बीटा पेशी हा सेन्सर, कंट्रोलर आणि पंप असा तीन-इन-वन संच आहे. रक्तातील साखर किती आहे हे ती मोजते, किती इन्सुलिन लागेल हे ठरवते आणि लगेच सोडते. हे चक्र दिवसरात्र, झोपेतही चालू असते. टाइप-१ झालेल्या व्यक्तीला हे सगळे काम हाताने करावे लागते. पोळी किती, भात किती, आज मैदानावर किती पळाला, ताप आहे का, उद्या परीक्षा आहे का, अशा प्रत्येक गोष्टीने हिशेब बदलतो.

साधा गुणाकार करून पाहा. दिवसाला चार इंजेक्शने म्हणजे वर्षाला १,४६०. बोटातून रक्त काढून चार वेळा तपासणी म्हणजे आणखी १,४६० टोचण्या.

एवढे करूनही चूक होतेच. इन्सुलिन कमी पडले तर साखर चढते. वर्षानुवर्षे चढी राहिली, तर डोळे, मूत्रपिंडे, नसा यांना इजा होते. इन्सुलिन जास्त झाले तर साखर झपाट्याने उतरते. हात थरथरतात, घाम फुटतो, कधी फिट येते, कधी शुद्ध हरपते. अनेक वर्षांच्या आजारानंतर काही रुग्णांना साखर उतरल्याची ही लक्षणेच जाणवेनाशी होतात. झोपेत साखर खाली गेली तर त्यांना जाग येत नाही. या उपचाराची पहिली गरज अशा रुग्णांना आहे आणि आजवरचे महत्त्वाचे प्रयोगही प्रामुख्याने त्यांच्यावरच झाले आहेत.

पेशी टोचण्याची कल्पना कधीची?

कल्पना जुनी आहे. मृत दात्याच्या स्वादुपिंडातून ही बेटे वेगळी काढायची आणि रुग्णाच्या यकृताकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेत सोडायची. ती यकृतात जाऊन बसतात आणि तिथूनच इन्सुलिन बनवू लागतात. पोट उघडण्याची मोठी शस्त्रक्रिया लागत नाही.

खरी कसोटी होती ती बेटे सुटी करण्याची. स्वादुपिंडाच्या एकूण वस्तुमानात त्यांचा वाटा अवघा एक ते दोन टक्के. उरलेल्या भागात पाचकरस तयार होतात आणि हाताळताना तेच रस बेटांना पचवू शकतात. अमेरिकेत पॉल लेसी यांनी या तंत्राचा पाया घातला. त्यांच्यासोबत काम केलेल्या कॅमिलो रिकॉर्डी यांनी १९८८ मध्ये बेटे वेगळी करण्याची अर्धस्वयंचलित पद्धत मांडली.

२००० मध्ये कॅनडातील एडमंटन येथे जेम्स शापिरो यांच्या गटाने सात रुग्णांचे निकाल जाहीर केले. सातही जणांचे इन्सुलिन बंद झाले होते. स्टेरॉइड टाळून वेगळी औषधे वापरण्याची त्यांची पद्धत 'एडमंटन प्रोटोकॉल' म्हणून जगभर गेली. तेव्हाही 'मधुमेहावर विजय' असेच वातावरण होते.

पाच वर्षांनी त्याच केंद्राने पुढचा हिशेब मांडला. इन्सुलिनपासून पूर्ण मुक्त राहिलेले रुग्ण साधारण दहा टक्केच उरले होते. मात्र जवळपास ८० टक्के रुग्णांमध्ये टोचलेल्या पेशी थोडेफार इन्सुलिन बनवत होत्या आणि साखर अचानक कोसळण्याचा धोका त्यामुळे कमी झाला होता. म्हणजे हा उपचार फसला नव्हता, पण आजार बराही झाला नव्हता. ही मधली अवस्था मथळ्यात मावत नाही.

ब्रिटनने २००८ पासून आपल्या सरकारी आरोग्यसेवेत निवडक रुग्णांना ही सोय दिली. अमेरिकेच्या औषध नियामकाने जून २०२३ मध्ये 'लँटिड्रा' नावाने दात्याच्या पेशींच्या उपचाराला मान्यता दिली. ती ३० जणांवरील प्रयोगांच्या आधारे होती. त्यातील २१ जणांना वर्षभर किंवा अधिक काळ इन्सुलिन लागले नाही, १० जणांना पाच वर्षांहून अधिक काळ लागले नाही, तर पाच जणांना एक दिवसही इन्सुलिन सोडता आले नाही.

मग दाते पुरतील का?

पुरणार नाहीत. एका रुग्णासाठी अनेकदा एकाहून अधिक स्वादुपिंडे लागतात. भारतात मृत्यूनंतर अवयवदान करणारे दाते वर्षाला हजार-अकराशेच्या घरात आहेत. दुसरीकडे आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजानुसार, भारतात टाइप-१ असलेली वीस वर्षांखालील मुलेच सुमारे २ लाख २९ हजार आहेत. मोठी माणसे यात धरलेली नाहीत. प्रत्येक दात्याचे स्वादुपिंड वापरण्याजोगे निघाले असे समजले, तरी हा हिशेब जुळत नाही.

म्हणून पेशी मोठ्या प्रमाणावर तयार करता येणे गरजेचे होते. मूलपेशींचे संशोधन इथे उपयोगी पडले.

मूलपेशींनी काय बदलले?

मूलपेशी म्हणजे शरीरातील जवळपास कोणतीही पेशी बनू शकणारी कोरी पेशी. तिला योग्य रसायने, योग्य क्रमाने आणि योग्य वेळी दिली तर तिची बीटा पेशी होऊ शकते. हार्वर्ड विद्यापीठातील डग्लस मेल्टन यांनी या एका प्रश्नासाठी दोन दशकांहून अधिक काळ दिला. ते आधी बेडकाच्या वाढीचा अभ्यास करत. मुलाला तान्हेपणीच टाइप-१चे निदान झाल्यावर त्यांनी संशोधनाची दिशा बदलली. पुढे मुलीलाही हाच आजार झाला. २०१४ मध्ये त्यांच्या गटाने मूलपेशींपासून कोट्यवधींच्या संख्येने बीटा पेशी बनवण्याची कृती प्रसिद्ध केली.

हेच काम पुढे 'व्हर्टेक्स' या अमेरिकी कंपनीकडे गेले. २०२१ मध्ये पहिल्या रुग्णाला या पेशी देण्यात आल्या. आज या उपचाराला 'झिमिस्लेसेल' म्हणतात. जून २०२५ चे निकाल याच उपचाराचे आहेत.

पेशी खरोखर काम करत आहेत हे कशावरून ठरते? त्यासाठी 'सी-पेप्टाइड' ही तपासणी असते. शरीर स्वतः इन्सुलिन बनवते तेव्हा प्रत्येक रेणूमागे सी-पेप्टाइडचा एक तुकडा सुटतो. बाटलीतल्या इन्सुलिनमध्ये तो नसतो. त्यामुळे रक्तात सी-पेप्टाइड दिसले, तर इन्सुलिन आतच बनते आहे हे नक्की. या रुग्णांमध्ये उपचारापूर्वी ते सापडत नव्हते, नंतर सापडले. पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ जणांपैकी कुणाचीही साखर पुढे धोकादायकरीत्या कोसळली नाही. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी पातळी सर्वांची सात टक्क्यांखाली आली.

पेशी कारखान्यात तयार होऊ शकते आणि माणसाच्या शरीरात काम करू शकते, हे यातून दिसले. एवढ्यासाठी तरी या संशोधनाचे मनापासून स्वागत करायला हवे.

मग अडचण नेमकी कुठे आहे?

अडचण राखणीत आहे. टोचलेल्या पेशी दुसऱ्याच्या असतात, त्यामुळे शरीर त्यांच्यावर हल्ला करते. शिवाय ज्या चुकीच्या ओळखीमुळे मूळ बीटा पेशी मेल्या, ती शरीर विसरलेले नसते. म्हणजे धोका दुहेरी. त्यामुळे रोगप्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी औषधे रोज, पेशी काम करत आहेत तोवर घ्यावी लागतात.

ही औषधे साधी नाहीत. संसर्गाचा धोका वाढतो, काही कर्करोगांचा धोका वाढतो आणि यातील काही औषधे मूत्रपिंडाला इजा करू शकतात. झिमिस्लेसेलच्या प्रयोगात एकूण १४ जण होते आणि त्यांच्यापैकी दोघांचा मृत्यू झाला. एकाचा मृत्यू बुरशीमुळे झालेल्या मेंदूज्वराने झाला. दुसऱ्याच्या मृत्यूचे कारण आधीपासून असलेला मेंदूचा विकार बळावणे हे होते. त्याच शोधनिबंधात हे नोंदवलेले आहे, मात्र फॉरवर्डमध्ये ते सहसा नसते.

हा व्यवहार मग कुणासाठी फायद्याचा? झोपेत साखर कोसळून जिवावर बेतणाऱ्या प्रौढ रुग्णासाठी तो फायद्याचा असू शकतो. आधीच मूत्रपिंड किंवा यकृताचे प्रत्यारोपण झाल्याने ही औषधे घेणाऱ्यासाठीही असू शकतो. पण दहा वर्षांच्या, शाळेत जाणाऱ्या, इन्सुलिनवर व्यवस्थित वाढणाऱ्या मुलीसाठी आज तरी तो तोट्याचा आहे. इंजेक्शने टाळण्यासाठी तिची सगळी प्रतिकारशक्ती गहाण टाकावी लागेल. या प्रयोगात १८ वर्षांखालील कुणालाही घेतलेले नव्हते, हे उगाच नाही.

चीनमधील तियानजिन येथील उदाहरणही याच चष्म्यातून पाहायला हवे. तेथे २५ वर्षांच्या एका महिलेच्या स्वतःच्याच पेशींपासून मूलपेशी आणि त्यांपासून बेटे तयार करून जून २०२३ मध्ये ती पोटाच्या स्नायूंच्या भागात सोडण्यात आली. ७५ दिवसांनी तिचे इन्सुलिन बंद झाले. 'स्वतःच्या पेशी, म्हणजे औषधांची गरज नाही' असा निष्कर्ष अनेकांनी काढला. पण तिचे यकृत प्रत्यारोपण आधी झालेले होते आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे ती घेतच होती. त्यामुळे औषधांशिवाय तिच्या पेशी टिकल्या असत्या का, हे या एका उदाहरणावरून कळत नाही.

पेशींना लपवता येईल का?

यासाठी दोन वाटा आहेत. पहिली, पेशी बारीक छिद्रांच्या पिशवीत ठेवण्याची. साखर आत जावी, इन्सुलिन बाहेर यावे, पण हल्लेखोर पेशींना शिरता येऊ नये, अशी तिची रचना. ऐकायला सोपे आहे, पण पिशवीतल्या पेशींना पुरेसा प्राणवायू पोचवणे अवघड जाते. व्हर्टेक्सने असे उपकरण माणसांमध्ये वापरून पाहिले आणि पुरेसे इन्सुलिन तयार होत नाही असे दिसल्यावर मार्च २०२५ मध्ये ते थांबवले.

दुसरी वाट पेशींच्या जनुकांतच बदल करण्याची. स्वीडनमधील उप्साला येथे ४२ वर्षांच्या एका पुरुषाच्या हाताच्या स्नायूत अशा पेशी टोचण्यात आल्या. दात्याच्या या पेशींवर क्रिस्पर तंत्राने काम केलेले होते. प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर ओळखपत्रासारखी प्रथिने असतात. ती पाहून शरीर आपला-परका ठरवते. ही ओळखपत्रे काढून टाकली. पण शरीरातले काही पहारेकरी ओळखपत्र नसलेल्यालाच पकडतात, म्हणून 'मला हात लावू नका' असा संदेश देणारे एक प्रथिन पेशींवर वाढवले.

निकाल ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या पेशींत बदल अपुरे झाले होते त्या मारल्या गेल्या. ज्यांत सर्व बदल झाले होते त्या १२ आठवड्यांनीही जिवंत होत्या आणि इन्सुलिन बनवत होत्या. प्रतिकारशक्ती दाबणारे एकही औषध त्याला दिलेले नव्हते. मात्र सुरक्षिततेची चाचणी असल्याने पेशी मुद्दाम थोड्याच दिल्या होत्या. त्या व्यक्तीचे इन्सुलिन पूर्वीप्रमाणे सुरूच राहिले.

या क्षेत्रातली सर्वांत महत्त्वाची बातमी कदाचित हीच आहे, जरी इथे कुणाचेही इन्सुलिन बंद झालेले नाही. १० जणांच्या यशाने पेशीचा प्रश्न सुटल्याचे दिसले. या एका माणसाच्या हाताने राखणीचा प्रश्न सुटू शकतो हे दाखवले. दोन्ही एकत्र येतील, शेकडो रुग्णांवर आणि अनेक वर्षांसाठी तपासले जातील, तेव्हा लहान मुलांसाठी या उपचाराचा विचार करता येईल.

भारतात हा उपचार मिळतो का?

'मूलपेशी टोचून मधुमेह बरा करतो' असे सांगत कुणी पैसे मागत असेल, तर दार बंद करून घ्यावे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या काही ठरावीक विकारांसाठीचे प्रत्यारोपण वगळता मूलपेशींचा वापर मान्यताप्राप्त वैद्यकीय चाचणीबाहेर करता येत नाही. टाइप-१ त्या यादीत नाही.

खऱ्या चाचणीची ओळख सोपी आहे. पुढील प्रश्न विचारावेत :

- चाचणीची नोंद भारताच्या सार्वजनिक चाचणी नोंदवहीत (सीटीआरआय) आहे का? क्रमांक कोणता?
- नैतिकता समितीची मंजुरी आहे का?
- पैसे मागितले जात आहेत का? चाचणीतल्या प्रायोगिक उपचारासाठी रुग्णाकडून शुल्क घेतले जात नाही.
- इन्सुलिन थांबवायला सांगत आहेत का? सी-पेप्टाइड तपासल्याशिवाय आणि तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय असे सांगणारा माणूस धोकादायक आहे.

भारतात या विषयाचे ज्ञान नाही असे मुळीच नाही. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात स्वादुपिंडातील बेटांवर आणि मूलपेशींवर अनेक वर्षे मूलभूत काम झाले आहे. पुण्याच्याच केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी हैदराबादच्या सीसीएमबी आणि ब्रिटनच्या एक्सेटर विद्यापीठासोबत, भारतीय रुग्णांमध्ये टाइप-१ जनुकीय गुणांकावरून ओळखता येतो का, याचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध केला. प्रयोगशाळेतले हे काम रुग्णापर्यंत नेणारा पैसा आणि चाचण्यांची व्यवस्था मात्र तोकडी आहे.

तोपर्यंत काय करायचे?

टाइप-१ झालेल्या दहा वर्षांच्या मुलाचे उरलेले आयुष्य किती, याचा एक जागतिक अंदाज २०२२ मध्ये 'लॅन्सेट'च्या मधुमेहविषयक नियतकालिकात आला. श्रीमंत देशांत सरासरी ६५ वर्षे आणि सर्वांत गरीब देशांत १३ वर्षे. आजार एकच आणि औषधही तेच, शंभर वर्षांपूर्वीचे. ही ५२ वर्षांची दरी पेशी प्रत्यारोपणाच्या अभावाने पडलेली नाही. इन्सुलिन, तपासणीच्या पट्ट्या, वेळेवर निदान आणि शिकवणारा डॉक्टर न मिळाल्याने ती पडली आहे.

भारत या दोन टोकांच्या मध्ये आहे. इन्सुलिन अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. पण नुसत्या इन्सुलिनने टाइप-१ सांभाळता येत नाही. पट्ट्या नसतील तर मात्रा अंदाजाने घ्यावी लागते. फ्रिज नसलेल्या घरात माठाच्या गारव्यात इन्सुलिन जपावे लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने जून २०२२ मध्ये टाइप-१साठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढली, पण प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या कपाटात त्यानुसार साहित्य असेल तरच त्यांचा उपयोग. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल आहेत, टाइप-१ मधुमेह नाही. सीबीएसईने २०१७ मध्ये बोर्डाच्या परीक्षेत या विद्यार्थ्यांना साखरेच्या गोळ्या आणि खाऊ जवळ ठेवायला परवानगी दिली. तसा समजूतदारपणा प्रत्येक शाळेत, रोजच्या वर्गातही हवा.

म्हणून मागणी दोन पातळ्यांवर हवी. सरकारने राज्यनिहाय रुग्णनोंदणी करावी आणि प्रत्येक टाइप-१ मुलाला इन्सुलिनसोबत ग्लुकोमीटर, पट्ट्या आणि सुया मोफत द्याव्यात. मूलपेशींच्या नावाने दुकाने थाटणाऱ्यांवर कारवाई करावी आणि पुण्या-हैदराबादेतल्या संशोधनाला चाचण्यांपर्यंत पोचण्याइतका पैसा द्यावा. पालकांनी बातम्या जरूर वाचाव्यात, आशाही ठेवावी, पण इन्सुलिनचा एकही डोस तिच्या नावावर चुकवू नये.

पेशींचा उपचार आज ना उद्या येईल, असे मानायला आता ठोस आधार आहे. तो येईल त्या दिवशी त्याचा सर्वाधिक फायदा ज्यांचे डोळे, मूत्रपिंडे आणि हृदय शाबूत आहे त्यांना होईल. आजची प्रत्येक पट्टी आणि प्रत्येक मात्रा हे अवयव शाबूत ठेवण्यासाठी आहे.